स्वादुपिंडाच्या नीला : मार्ग, प्रवाह आणि महत्त्व

शारीरशास्त्राच्या बहुतेक पाठ्यग्रंथांत स्वादुपिंडाच्या रोहिण्यांचे वर्णन विस्ताराने येते. नीलांची बोळवण मात्र दोन-तीन ओळींत होते. 'शीर्षाचे रक्त ऊर्ध्व आंत्रबंध नीलेत व प्रवेशिका नीलेत जाते. काय व पुच्छ यांचे रक्त प्लीहा-नीलेत जाते' एवढे वाक्य विद्यार्थी पाठ करतो आणि पुढील प्रकरणाकडे वळतो. हे वाक्य खोटे नाही. परंतु त्यात जे सांगितले आहे त्याचा अर्थ मात्र सांगितलेला नाही. वृक्क, थायरॉइड, स्नायू, मेंदू इत्यादी इंद्रियांतील अशुद्ध रक्त सरळ हृदयाकडे परतते. स्वादुपिंडाचे रक्त तसे परतत नाही; ते प्रथम यकृतात जाते, तेथील केशवाहिन्यांच्या दुसऱ्या जाळ्यातून गाळले जाते आणि मगच हृदयाकडे निघते. इन्शुलीनचे कार्य, मधुमेहावरील उपचाराच्या मर्यादा, जठरातील काही रक्तस्रावांचे निदान आणि स्वादुपिंडावरील शस्त्रक्रियेचे धोके या सर्वांचा उलगडा या एका वस्तुस्थितीपासून होतो. तो कसा होतो, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

हा विषय वऱ्हाडात तीन निरनिराळ्या ठिकाणी शिकविला जातो, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. अमरावती विद्यापीठाची स्थापना १९८३ साली झाली. त्याच्या प्राणिशास्त्राच्या वर्गांत पृष्ठवंशी प्राण्यांच्या रुधिराभिसरणाचा भाग म्हणून हा विषय येतो. अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख स्मारक वैद्यकीय महाविद्यालय १९८४ साली व अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ साली सुरू झाले. तेथे मानवी शारीराचा भाग म्हणून तो येतो. अकोल्यातील स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत गाय, म्हैस, शेळी व घोडा यांच्या शारीरात त्याला स्थान आहे. या तीन शाखा तीन निरनिराळ्या विद्यापीठांच्या कक्षेत मोडत असल्यामुळे एका ठिकाणचे ज्ञान दुसऱ्या ठिकाणी क्वचितच पोहोचते. वस्तुतः स्वादुपिंडाच्या नीलांचा अर्थ या तिन्ही ज्ञानांची सांगड घातल्यावाचून नीट कळत नाही.

१. परिभाषेविषयी थोडेसे

मराठीत या इंद्रियास 'स्वादुपिंड' व 'अग्निपिंड' अशी दोन नावे रूढ आहेत. प्रस्तुत लेखात पहिले नाव स्वीकारले आहे. वैद्यक महाविद्यालयांत पोर्टल व्हेन या नावाने परिचित असलेल्या वाहिनीस येथे 'प्रवेशिका नीला' म्हटले आहे. हा शब्द अन्वर्थक आहे, कारण ही नीला यकृतातून बाहेर पडत नाही, तर यकृतात प्रवेश करते. यकृतातून बाहेर पडणाऱ्या वाहिन्यांस 'यकृत-नीला' म्हणावयाचे. त्या अधोमहानीलेस मिळतात. या दोहोंत गल्लत झाली, तर पुढील सर्व विवेचन उलटे समजले जाण्याचा संभव आहे.

२. स्वादुपिंडाचे स्थान व त्यामागील वाहिन्या

मानवी स्वादुपिंड सुमारे पंधरा सेंटिमीटर लांबीचे, उदराच्या मागील भित्तीलगत आडवे पसरलेले इंद्रिय होय. त्याचे शीर्ष ग्रहणीच्या अर्धवर्तुळाकार वळणात उजवीकडे बसलेले असते. तेथून ग्रीवा, काय व पुच्छ असा क्रम डावीकडे जातो आणि पुच्छाचे टोक प्लीहेच्या द्वारापर्यंत पोहोचते. शीर्षाच्या खालच्या भागातून आकडीसारखा एक प्रवर्ध ऊर्ध्व आंत्रबंध वाहिन्यांच्या मागे वळतो; त्यास अंकुशाकृती प्रवर्ध म्हणतात.

नीलांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे ग्रीवा. ग्रीवेच्या पाठीमागे डावीकडून येणारी प्लीहा-नीला आणि खालून येणारी ऊर्ध्व आंत्रबंध नीला यांचा संगम होऊन प्रवेशिका नीला तयार होते. ही नीला सुमारे आठ सेंटिमीटर लांबीची असून ती वर व उजवीकडे जाऊन यकृतद्वारात शिरते. यकृतास मिळणाऱ्या एकंदर रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त हिच्यावाटे येते. अधः आंत्रबंध नीला कधी प्लीहा-नीलेस, कधी ऊर्ध्व आंत्रबंध नीलेस, तर कधी दोहोंच्या संगमावरच मिळते. प्रौढ मनुष्यात या साऱ्या नीलांत झडपा नसतात. त्यामुळे यांतील रक्त कोणत्या दिशेने वाहावयाचे हे केवळ दाबाच्या फरकावर अवलंबून असते. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

३. शीर्षाच्या नीला

शीर्ष व ग्रहणी यांचे रक्त वाहून नेणाऱ्या स्वादुपिंड-ग्रहणी नीला सामान्यतः चार असतात: समोरची वरची, मागची वरची, समोरची खालची व मागची खालची. त्यांचा मार्ग त्याच नावाच्या रोहिण्यांच्या जवळून जात असला तरी शेवट मात्र सारखा नसतो, आणि येथेच विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो.

मागची वरची नीला पित्तनलिकेच्या जवळून वर जाऊन सरळ प्रवेशिका नीलेस मिळते. समोरची वरची नीला मात्र खाली व डावीकडे वळते आणि जठराच्या मोठ्या वक्र कडेवरून येणाऱ्या उजव्या जठर-वपा नीलेशी तसेच बृहदांत्राच्या उजव्या भागातून येणाऱ्या नीलेशी मिळून एक आखूड खोड तयार करते. हे खोड ऊर्ध्व आंत्रबंध नीलेच्या उजव्या बाजूस उघडते. जर्मन शारीरज्ञ याकोब हेन्ले यांनी १८६८ साली जठर व बृहदांत्र यांच्या या नीलासंगमाचे वर्णन केले. म्हणून त्यास 'हेन्लेचा स्कंध' असे नाव पडले. त्याची लांबी अल्प व भिंत पातळ असते. त्याच्या शाखांची संख्या व जुळणी व्यक्तिपरत्वे बदलते. खालच्या दोन्ही नीला ऊर्ध्व आंत्रबंध नीलेस किंवा मध्यांत्राच्या पहिल्या नीलेस मिळतात. पुष्कळदा त्या एकत्र येऊन एकच खोड करतात.

या वर्णनातून एक साधा नियम हाती लागतो. शीर्षातील नीला प्रवेशिका व ऊर्ध्व आंत्रबंध नीलांना मुख्यतः उजव्या बाजूने व मागून मिळतात. ग्रीवेच्या मागे, या नीलांच्या समोरच्या पृष्ठभागावर सहसा कोणतीही उपनीला उघडत नाही. शस्त्रवैद्य ग्रीवेच्या मागून बोटाने किंवा उपकरणाने बोगदा करतात तो या रिकाम्या जागेच्या भरवशावरच.

४. काय व पुच्छ यांच्या नीला

काय व पुच्छ यांच्या बाबतीत चित्र निराळे आहे. प्लीहा-रोहिणी स्वादुपिंडाच्या वरच्या कडेवरून नागमोडी वळणे घेत जाते. प्लीहा-नीला मात्र तिच्या खालून, स्वादुपिंडाच्या मागील पृष्ठावरील खोबणीत जवळजवळ सरळ रेषेत धावते. या खोबणीत स्वादुपिंडाच्या ऊतीतून निघालेल्या अनेक बारीक, आखूड नीला एकामागून एक तिला मिळतात. त्यांची संख्या निश्चित नाही. काही व्यक्तींत त्या मोजक्या असतात, काहींत डझनभर भरतात. याखेरीज स्वादुपिंडाच्या खालच्या कडेलगत एक आडवी नीला पुष्कळदा आढळते; ती प्लीहा-नीला, ऊर्ध्व आंत्रबंध नीला किंवा अधः आंत्रबंध नीला यांपैकी कोणाही एकीस मिळू शकते.

अशा रीतीने प्लीहा-नीला ही केवळ प्लीहेची नीला नव्हे. ती स्वादुपिंडाच्या डाव्या अर्ध्याहून अधिक भागाचीही नीला होय. तिचे नाव विद्यार्थ्यास हे विसरावयास लावते. स्वादुपिंडास सूज आली की तिच्या पाठीशी सर्वांत जवळ कोण असते, हा प्रश्न स्वतःस विचारला तर नावामुळे पडलेली ही भूल दूर होते.

५. प्राणिसृष्टीतील साक्ष

स्वादुपिंड व प्रवेशिका नीला यांचे हे सान्निध्य मानवापुरते आहे काय? प्राणिशास्त्र याचे उत्तर स्पष्ट नकारार्थी देते. रोहूसारख्या गोड्या पाण्यातील माशांत स्वादुपिंड हे स्वतंत्र, एकसंध इंद्रिय म्हणून दिसत नाही. त्याची पाचक ऊती आंत्राभोवतीच्या चरबीत विखुरलेली असते, आणि प्रवेशिका नीलेच्या शाखांना वेढून ती यकृतातही शिरलेली असते. बेडकात स्वादुपिंड जठर व ग्रहणी यांच्या मधल्या पडद्यात असते. त्याचे रक्त यकृताच्या प्रवेशिका नीलेतच जाते. महाविद्यालयांतून पिढ्यानुपिढ्या बेडकाचे विच्छेदन करून ही रचना दाखविली जात असे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०११ व २०१४ सालच्या सूचनांनंतर ती प्रथा मागे पडली. आता विद्यार्थ्यांस आकृती, प्रतिकृती व संगणकीय चित्रे यांवर भिस्त ठेवावी लागते. त्यामुळे तर वाहिन्यांचा अर्थ शब्दांत नीट सांगण्याची जबाबदारी अधिकच वाढली आहे.

पाळीव सस्तन प्राण्यांतील रचना यापेक्षाही उद्बोधक आहे. गाय, म्हैस, शेळी व कुत्रा यांत प्रवेशिका नीला स्वादुपिंडाच्या कडेवरील खाचेतून जाते. घोडा व डुक्कर यांत ती खाच मिटून तिचे पूर्ण कडे बनलेले असते, आणि नीला स्वादुपिंडाच्या ऊतीतील छिद्रातून आरपार जाते. मनुष्यात सर्वसाधारणपणे कडे नसते. परंतु क्वचित एखाद्या व्यक्तीत स्वादुपिंडाची ऊती प्रवेशिका नीलेभोवती पूर्ण वेढा घालते. घोड्याचे शारीर जाणणाऱ्यास ही विकृती वाटणार नाही, तर एक ओळखीचा नमुनाच वाटेल. शस्त्रवैद्यास मात्र तिची पूर्वकल्पना नसेल, तर त्याची फसगत झाल्यावाचून राहत नाही. ग्रीवा कापून आपण स्वादुपिंड दुभागले असे तो समजतो, आणि नीलेच्या मागे राहिलेल्या भागातून पाचक रस गळू लागतो.

या सर्वांचे मूळ गर्भावस्थेत आहे. स्वादुपिंड दोन कलिकांपासून बनते. पृष्ठीय कलिकेपासून काय, पुच्छ व शीर्षाचा वरचा भाग तयार होतो. उदरीय कलिका ग्रहणीबरोबर फिरून मागच्या बाजूस येते व तीपासून शीर्षाचा खालचा भाग आणि अंकुशाकृती प्रवर्ध तयार होतात. याच काळात पीतक-नीलांच्या जोडीपासून प्रवेशिका नीला घडत असते. दोन कलिका ज्या ठिकाणी एकमेकींस मिळतात, त्याच ठिकाणी ही नीला त्यांच्या मध्ये सापडते. मानवात अंकुशाकृती प्रवर्ध नीलेच्या मागे व ग्रीवा नीलेच्या पुढे का, याचे उत्तर यात आहे.

६. रक्त आधी यकृताकडे का?

रचनेचा हेतू शोधताना विज्ञानाने सावध राहावयास हवे. तथापि रचनेचा परिणाम मोजता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये क्लोद बेर्नार यांनी कुत्र्याच्या प्रवेशिका नीलेतील रक्त व यकृत-नीलेतील रक्त यांची तुलना केली. केवळ मांसाहारावर ठेवलेल्या प्राण्यातही यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात शर्करा असल्याचे त्यांना आढळले. यकृत शर्करा साठविते व सोडते, हा सिद्धांत त्यातून उभा राहिला. १८८९ साली स्ट्रासबर्ग येथे फॉन मेरिंग व मिंकोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले असता त्यास मधुमेह झाला. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलीन वेगळे करण्याच्या दिशेने निर्णायक पाऊल टाकले, आणि १९२२ च्या जानेवारीत ते प्रथम मधुमेही रुग्णास टोचण्यात आले. शर्करेची वखार यकृतात, आणि त्या वखारीस हुकूम देणारे द्रव्य स्वादुपिंडात: या दोहोंस जोडणारी वाट म्हणजेच आपण वर्णिलेल्या नीला होत.

स्वादुपिंडातील द्वीपके वजनाने अवघी एक-दोन टक्के असतात. पण स्वादुपिंडास मिळणाऱ्या रक्ताचा त्या मानाने फार मोठा वाटा ती घेतात. द्वीपकांतून निघालेले रक्त पुष्कळ अंशी शेजारच्या पाचकरस निर्माण करणाऱ्या कोशिकांभोवतीच्या केशवाहिन्यांतून जाते. म्हणजे स्वादुपिंडाच्या आतच एक लहानशी प्रवेशिका-व्यवस्था असते. तेथून इन्शुलीनयुक्त रक्त प्लीहा-नीलेत वा शीर्षाच्या नीलांत उतरते आणि प्रवेशिका नीलेतून यकृतात पोहोचते. इन्शुलीन काही मिनिटांच्या अंतराने लाटांच्या रूपात स्रवते. या लाटांना प्रथम सामोरे जाते ते यकृत. पहिल्याच फेरीत ते सुमारे निम्मे इन्शुलीन स्वतः वापरते व नष्ट करते. उरलेले निम्मे हृदयामार्गे स्नायू व मेद यांच्या वाट्यास येते. म्हणून प्रवेशिका नीलेतील इन्शुलीनचे प्रमाण शरीराच्या इतर भागांतील रक्तापेक्षा नेहमीच कितीतरी जास्त असते. ग्लुकागॉनचीही पहिली भेट यकृताशीच होते.

आता त्वचेखाली टोचलेल्या इन्शुलीनचा विचार करू. ते प्रथम सार्वदेहिक नीलांत जाते, हृदयातून सर्वत्र पसरते आणि यकृतास इतर अवयवांइतक्याच तीव्रतेने मिळते. यकृतास पुरेल एवढी मात्रा द्यावी, तर स्नायू व मेद यांस ती अधिक होते. त्यांच्यापुरती द्यावी, तर यकृतास ती अपुरी पडते. टोचलेले इन्शुलीन प्राण वाचविते, पण स्वादुपिंडाचे स्थान पूर्णपणे घेऊ शकत नाही. याचे एक कारण औषधाच्या रसायनात नसून नीलांच्या मार्गात आहे. स्वादुपिंडाच्या प्रत्यारोपणातही हाच प्रश्न उपस्थित झाला. १९६६ च्या डिसेंबरात मिनेसोटा विद्यापीठात केली व लिलहाय यांनी मनुष्यावर पहिले स्वादुपिंड-प्रत्यारोपण केले. पुढील काळात प्रत्यारोपित इंद्रियाची नीला बहुधा श्रोणीतील नीलेस जोडीत असत. अशा रुग्णांत शर्करा आटोक्यात येते, परंतु सर्व शरीरातील इन्शुलीनचे प्रमाण वाढलेले राहते. म्हणून काही शस्त्रवैद्य ती नीला मुद्दाम आंत्रबंध नीलेस जोडून निसर्गाचा मार्ग पूर्ववत करतात. २००० साली कॅनडातील एडमंटन येथून प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत दात्याची द्वीपके वेगळी करून ती थेट प्रवेशिका नीलेत सोडली जातात व यकृतातच रुजविली जातात.

७. हातातील रक्त काय सांगते व काय लपविते

प्रयोगशाळेत इन्शुलीन मोजण्यासाठी रक्त घेतात ते हाताच्या नीलेतून. ते रक्त यकृत ओलांडून आलेले असते. स्वादुपिंडाने किती इन्शुलीन निर्माण केले हे त्यावरून कळत नाही. यकृताने आपला वाटा काढून घेतल्यावर किती उरले, एवढेच कळते. आकडा वाढलेला दिसला तर त्याचे दोन अर्थ संभवतात: स्वादुपिंड जास्त स्रवत आहे, किंवा यकृत कमी घेत आहे. या दोहोंतील भेद सी-पेप्टाइड या द्रव्याच्या मोजमापाने करता येतो. ते इन्शुलीनबरोबर समप्रमाणात बाहेर पडते, परंतु यकृत त्यास फारसे हात लावीत नाही.

महाराष्ट्रातील संशोधनाच्या संदर्भात हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व बालके यांचा दीर्घकालीन अभ्यास चालविला. दिसावयास कृश, पण शरीरात मेदाचे प्रमाण अधिक असलेल्या भारतीय देहाची कल्पना या संशोधकांनी मांडली. पुणे व लंडन येथील नवजात अर्भकांची तुलना करणारा त्यांचा निबंध २००२ साली प्रसिद्ध झाला. वजनाने लहान असूनही पुण्याच्या अर्भकांच्या नाळेतील रक्तात इन्शुलीन तुलनेने अधिक असते, असा त्याचा निष्कर्ष होता. मातेचे इन्शुलीन वारेतून अर्भकाकडे जात नाही. म्हणून हे इन्शुलीन अर्भकाचेच होय. अशा आकड्यांचे वाचन करताना स्वादुपिंड व यकृत या दोन्ही इंद्रियांचा हिशेब मांडावा लागतो. आमच्या जिल्ह्यांत मधुमेहावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने केवळ हातातील इन्शुलीन मोजून स्वादुपिंडाविषयी निष्कर्ष काढू नये.

इन्शुलीन स्रवणाऱ्या सूक्ष्म अर्बुदांचा शोधही एके काळी याच तत्त्वावर होत असे. यकृतातून प्रवेशिका नीलेत बारीक नळी सरकवून प्लीहा-नीला व शीर्षाच्या नीला यांतील निरनिराळ्या ठिकाणांहून रक्ताचे नमुने घेत. ज्या ठिकाणी इन्शुलीनचा आकडा एकाएकी चढे, त्याच्या शेजारी अर्बुद असे. या पद्धतीची जागा आता सोप्या व कमी धोक्याच्या तंत्रांनी घेतली आहे. तथापि नीलांचा नकाशा ठाऊक असल्यावाचून तो आकडा निरर्थक ठरला असता.

८. मार्ग अडला असता

स्वादुपिंडशोथात सूज व पाचक रस यांचा पहिला मारा पाठीमागील प्लीहा-नीलेवर होतो. तिची भिंत क्षोभित होते, प्रवाह मंदावतो आणि तीत रक्ताची गुठळी धरते. मग प्लीहेतील रक्ताने जावे कोठे? वर सांगितल्याप्रमाणे या नीलांत झडपा नाहीत. रक्त उलट दिशेने आखूड जठर-नीलांतून जठराच्या वरच्या घुमटाकृती भागाकडे वळते आणि तेथून डाव्या जठर-नीलेमार्गे मोकळ्या असलेल्या प्रवेशिका नीलेस गाठते. जठराच्या घुमटातील नीला या भाराने फुगतात, त्या अपस्फीत होतात, आणि त्यांतील एखादी फुटली तर रुग्णास रक्ताची उलटी होते.

निदानातील चूक होते ती नेमकी येथे. रक्ताची उलटी, अपस्फीत नीला व वाढलेली प्लीहा ही तिन्ही लक्षणे यकृत सूत्रण रोगातही दिसतात. मेळघाटासारख्या भागात प्लीहा वाढलेली दिसली की हिवतापाचा विचारही प्रथम मनात येतो. परंतु प्लीहा-नीलेच्या अवरोधात यकृत निरोगी असते, त्याच्या चाचण्या निर्दोष येतात, आणि फुगलेल्या नीला मुख्यत्वे जठराच्या घुमटात असतात. अन्ननलिकेतील नीला बहुधा फुगत नाहीत, कारण प्रवेशिका नीलेतील दाब वाढलेला नसतो. या रोगात प्लीहा काढल्याने अथवा प्लीहा-रोहिणीचा प्रवाह बंद केल्याने रक्तस्रावाचे मूळच नाहीसे होते. यकृत सूत्रण रोगात तसे होत नाही. गुठळी झालेल्या बहुसंख्य रुग्णांना कधीच रक्तस्राव होत नाही, म्हणून ज्यांस तो झाला नाही त्यांची प्लीहा उगाच काढू नये, असा सध्याचा विचार आहे. परंतु ज्यास रक्तस्राव झाला आहे, त्याच्या कपाळी यकृतरोगाचा शिक्का मारून त्यास परत पाठविणे म्हणजे बऱ्या होऊ शकणाऱ्या रुग्णास असाध्य ठरविणे होय.

वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. येथे या विषयास आणखी एक बाजू आहे. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांची विषबाधा हे तीव्र स्वादुपिंडशोथाचे मान्य कारण आहे. ही द्रव्ये कोलिनएस्टरेज या एंझाइमाचे कार्य थांबवितात. त्यामुळे ॲसिटिलकोलिन साचून राहते, स्वादुपिंड अतिरिक्त उत्तेजित होते आणि नलिकेतील दाब वाढतो. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना अनेक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले. त्या वेळी चर्चेत आलेल्या द्रव्यांत याच गटातील प्रोफेनोफॉस होते. अशा रुग्णाचा श्वास व हृदय सांभाळणे हे पहिले कर्तव्य, यात शंका नाही. परंतु पोटदुखी व पाठीत जाणाऱ्या कळा टिकून राहिल्या, तर स्वादुपिंडाची तपासणी करावी, आणि शोथ आढळल्यास ध्वनिचित्रणात वा सीटी स्कॅनमध्ये प्लीहा-नीला मोकळी आहे की नाही तेही पाहावे. विषबाधेतून वाचलेला मजूर कालांतराने रक्ताची उलटी घेऊन आला, तर त्या दोन घटनांमध्ये एक नीला असू शकते, एवढे वैद्याच्या ध्यानात असले पाहिजे.

९. शस्त्रक्रिया व कर्करोग

१९३५ साली न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी शीर्ष व ग्रहणी एकत्र काढण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले. आजही त्या शस्त्रक्रियेची खरी कसोटी नीलांपाशी लागते. शीर्षातील कर्करोग प्रवेशिका वा ऊर्ध्व आंत्रबंध नीलेस नुसता टेकला आहे, तिला वेढून बसला आहे, की तिच्या भिंतीत शिरला आहे, यावर तो काढता येईल की नाही हे पुष्कळ अंशी ठरते. नीलेचा बाधित तुकडा कापून दोन टोके जोडण्याचे तंत्रही आता प्रचलित आहे. अंकुशाकृती प्रवर्धातून निघणाऱ्या आखूड नीला ओढल्या तर मुळापाशीच फाटतात. हेन्लेचा स्कंधही ताण सहन करीत नाही. म्हणून तेथे जोराचे काम नाही, क्रमाचे आहे.

पुच्छाकडील शस्त्रक्रियेत प्लीहा वाचवावयाची असेल, तर प्लीहा-नीलेस मिळणाऱ्या बारीक नीला एकेक करून बांधाव्या लागतात. १९८८ साली अँड्र्यू वॉर्शॉ यांनी दुसरी रीत सांगितली: प्लीहेच्या मोठ्या वाहिन्या तोडावयाच्या व प्लीहेस आखूड जठर-वाहिन्यांच्या आधारावर जगू द्यावयाचे. आठव्या भागात ज्या वाटेने रोग वाढतो असे आपण पाहिले, त्याच वाटेचा येथे उपायासाठी उपयोग केलेला आहे.

कर्करोगाचे प्रक्षेप यकृतात सर्वांत आधी व सर्वांत जास्त का आढळतात, याचेही उत्तर आता निराळे सांगावयास नको. इन्शुलीनचा जो मार्ग, तोच सुट्या झालेल्या कर्क-कोशिकांचाही मार्ग. त्यांच्या वाटेत पहिली चाळणी यकृताची लागते.

१०. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, स्वादुपिंड व प्रवेशिका नीला यांचे सान्निध्य माशापासून मनुष्यापर्यंत टिकून आहे. म्हणून ते मानवी शारीराच्या तळटीपेत टाकण्याजोगे नाही. दुसरी, स्वादुपिंडाचे रक्त प्रथम यकृतास भेटते, आणि मधुमेहाचे शास्त्र या भेटीकडे दुर्लक्ष करून समजत नाही. तिसरी, प्लीहा-नीला ही स्वादुपिंडाचीही नीला आहे, आणि हे न जाणल्यास बरा होणारा रुग्ण यकृतरोगी ठरण्याचा धोका आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने एक सूचना करावीशी वाटते. अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेतील घोड्याचे वा म्हशीचे स्वादुपिंड, वैद्यकीय महाविद्यालयातील मानवी नमुना आणि प्राणिशास्त्र विभागातील माशांचे सूक्ष्मदर्शकीय छेद ही तिन्ही एका टेबलावर ठेवून पदव्युत्तर विद्यार्थ्यांस एकदा तरी दाखवावीत. अमरावती ते अकोला हे अंतर काही शंभर कोसांचे नाही. ज्या विद्यार्थ्याने घोड्याच्या स्वादुपिंडातील छिद्रातून प्रवेशिका नीला आरपार गेलेली पाहिली, त्यास ग्रीवेमागील तो संगम पुन्हा पाठ करावा लागणार नाही.